त्या दिव्याची किंमत

नमस्कार मंडळी, आज तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगते. चोरी अगदी साधी, एक दिवा गेला एवढंच, पण 1900 वर्षं होत आली तरी लोक अजून तिच्याबद्दल बोलतायत.

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ निकोपोलिस नावाचं शहर होतं, तिथे एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ राहायचा, शाळा चालवायचा. घरातल्या देवांपाशी त्याचा लोखंडी दिवा असायचा. एके दिवशी काहीतरी आवाज आला म्हणून धावत खाली गेला तर दिवा गायब. आता आपण काय केलं असतं, शेजाऱ्यांना गोळा केलं असतं, दोन दिवस तेच पुराण लावलं असतं. हा म्हणाला, उद्या मातीचा आणू, माणसाकडे जे असतं तेच जातं ना. आणि पुढे तो जे म्हणाला ते मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणाला, जागं राहण्यात तो चोर माझ्यापेक्षा सरस ठरला म्हणून माझा दिवा गेला, पण त्याला तो केवढ्याला पडला बघा, एका दिव्यासाठी तो चोर झाला, एका दिव्यासाठी त्याच्यावरचा विश्वास गेला.

म्हणजे बाजारात दिव्याचा जो काही भाव असेल तो असेल, चोराने मोजलं ते स्वतःचं माणूसपण.

हे बोलणारा माणूस जन्माने गुलाम होता हो. आज तुर्कस्तानात पामुक्कलेचे ते पांढरेशुभ्र गरम पाण्याचे झरे आहेत ना, तिथल्या हिएरापोलिसचा, जन्म साधारण इसवी सन 50 चा. रोममध्ये नीरो बादशहाच्या दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी गुलाम, पायाने अधू, आणि गुलाम असतानाच म्युसोनियस रूफस नावाच्या तत्त्वज्ञाकडे शिकायला जायचा. नंतर सुटका झाली, मग डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा तो निकोपोलिसला आला. स्वतः एक ओळ लिहिली नाही, त्याच्या एरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गात बसून टिपून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. ही विचारांची परंपरा त्याच्या आधी 400 वर्षं सुरू झालेली, झेनो नावाचा माणूस अथेन्समधल्या एका रंगवलेल्या ओसरीत शिकवायचा, ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ, म्हणून हे स्टोइक. शहाणपण, धैर्य, न्याय आणि संयम, हे चार गुण म्हणजेच खरी संपत्ती, बाकी पैसा, तब्येत, नावलौकिक हे असलं तर बरंच, पण त्यावर चांगलं जगणं अडत नाही, असं ते मानायचे.

एपिक्टेटसच्या नावावर दोनच शब्दांचा एक उपदेश सांगतात, मराठीत म्हणायचं तर सोस आणि आवर. आणि ते कसं करायचं हेही तो किती घरगुती उदाहरणाने सांगतो, म्हणतो, थोडं तेल सांडलं, थोडी वाइन चोरीला गेली तर स्वतःला सांगा की शांत राहण्याची ही किंमत आहे, फुकट काहीच मिळत नाही.

हे मी कितीदा वाचलं होतं. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या हातून तेलाचा कॅन निसटला, ओट्यावरून खाली, शेंगदाण्याचं तेल, चांगलं अर्धा लिटर तरी असेल, बघता बघता फरशीवरून फ्रीजच्या खाली निघालं. आणि मी ओरडले. जे बोलू नये ते बोलले. तो तसाच उभा, झाकण हातात, पाय तेलात, हलला तर घसरेल म्हणून हलेनाही. मग मी डब्यातली कणीक मुठीमुठीने तेलावर टाकली, पेपरने ओढून ओढून काढली, आणि ते करताना एकदम तो चोर आठवला. तेलाचे पैसे कितीसे, पण मी ते केवढ्याला घेतलं.

काही लोकांना वाटतं स्टोइक म्हणजे दगड, कशाचं काही वाटायलाच नको. तसं नाहीये. एपिक्टेटस स्वतः म्हणतो की पुतळ्यासारखं निर्विकार व्हायचं नाही, आपण कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप आहोत, ती नाती नीट सांभाळायची. तेल सांडणं आपल्या हातात नाही, त्या क्षणी आई म्हणून कसं वागायचं ते आहे.

आणि बघा, या गुलामाच्या शिकवणीतून शिकणारा कोण निघाला, तर रोमचा बादशहा. मार्कस ऑरेलियस, 161 ते 180 राज्य केलं, साथीचा रोग पसरलेला, डॅन्यूब नदीकडे लढाया, आणि हा छावणीत बसून ग्रीकमध्ये स्वतःसाठी वही लिहितोय. त्या वहीत आपल्याला घडवणाऱ्या माणसांचे त्याने आभार मानलेत, त्यात रस्टिकस नावाच्या गुरूचे आहेत, कारण त्याने एपिक्टेटसच्या शिकवणीची स्वतःजवळची प्रत मार्कसला वाचायला दिली. सगळं जग हाताखाली असलेला माणूस आणि ज्याचा स्वतःच्या शरीरावरही हक्क नव्हता तो माणूस, आणि शिकायचं कुणी कुणाकडून! मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

सेनेका नावाचा आणखी एक रोमन स्टोइक, त्या दोघांच्या आधीचा. तो रोज रात्री दिवा मालवला की दिवसाचा हिशोब करायचा, बायकोला त्याची सवय माहीत, ती गप्प राहायची, आणि हा स्वतःला विचारायचा, आज कुठे चुकलं, कुठली खोड थोडी कमी झाली.

त्या रात्री मीही अंधारात तसंच केलं. लक्षात आलं, दुपारी ऑफिसात कुणीतरी मला टाकून बोललं होतं आणि तेव्हा मी गप्प बसले होते, तो राग मी घरी घेऊन आले होते. सकाळी मुलाला डबा देताना सांगितलं, बाळा, काल मी चुकले, तुझा काही दोष नव्हता. तो बुटाची लेस बांधत होता. मान वर न करता म्हणाला, आई, फ्रीजखाली अजून तेल आहे, संध्याकाळी आपण दोघं मिळून पुसू.