भूल कोण देणार?

नमस्कार, श्रोतेहो.

आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चांगल्या सर्जनसाठी आम्ही दादर-परळ पालथं घातलं. मामांनी एक नाव सुचवलं, शेजारच्या काकूंनी दुसरं. भूल कोण देणार, हे मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. त्या डॉक्टरांना आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते ऑपरेशन थिएटरच्या दारात. आईची कवळी तोंडातच होती. ती त्यांनी ऐन वेळी काढायला लावली. सगळं नीट पार पडलं, पण तो धसका अजून मनात आहे.

भूल म्हणजे एक इंजेक्शन आणि झोप, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर इंजेक्शननंतरच भूल देणाऱ्या डॉक्टरांचं काम सुरू होतं. श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, सगळ्यावर त्यांची नजर हवी. मुंबईतल्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात, सकाळी मुलुंडला तर दुपारी चेंबूरला. सर्जन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना बोलावतात. त्यात गैर काही नाही, दोघांचा हात एकमेकांना बसलेला असतो. तरी नाव विचारा, पदवी विचारा: भूलशास्त्रातली एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी, की डीए ही पदविका. आणि ‘ऑपरेशन संपेपर्यंत तुम्ही तिथेच असाल ना?’ हे तर विचाराच. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टर निवडता येत नाहीत, पण तिथल्या भुलीआधीच्या तपासणीत सगळं मोकळेपणी सांगणं आपल्या हातात असतं.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही भूलतज्ज्ञांची आधीच भेट मागून घेतली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, रात्री घोरता का?” आई लाजून नाही म्हणाली. बहिणीने खरं सांगितलं. घोरणाऱ्यांचा श्वासमार्ग भुलीत चटकन बंद होऊ शकतो, म्हणून त्यांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर करायचं ठरवलं. मिश्री, दम्याचा पंप, रक्त पातळ करणारी गोळी, हलणारा दात, सगळं त्यांनी लिहून घेतलं. खाणं 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल, म्हणाल्या. आणि दुधाचा चहा पाण्यात नाही, खाण्यात मोजायचा. पहाटेच्या चहावाचून ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवा.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरच्या दारात त्याच बाई उभ्या होत्या. आईने त्यांना ओळखलं, स्वतःच कवळी काढून माझ्या हातात दिली आणि त्यांच्याशी बोलत बोलतच आत गेली.