बेडूक समुद्र कसा ओलांडतो

(गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावी, मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेनंतर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, धानाचं रोवणं आटोपलं, चार दिवस उसंत मिळाली, आणि त्यातली एक संध्याकाळ तुम्ही बेडकासाठी दिलीत. समोर ढिवर बांधव आहेत, धानवाले शेतकरी आहेत, शाळेची मुलंही आहेत. बेडूक तुम्ही सगळे माझ्याइतकाच पाहता, म्हणून ओळखीच्या बेडकापासूनच सुरुवात करतो.

पहिला मोठा पाऊस पडला की धानाच्या बांध्यांमध्ये पिवळेजर्द बेडूक दिसतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. एरवी हाच बेडूक मातकट हिरवा असतो, माद्या बोलावण्यासाठी नर तेवढ्यापुरता रंग घेतो. पाऊस लांबला की आपण मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि बेडूक बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरायचो. घराघरातून त्याच्यावर पाणी ओतलं जायचं. पाऊस मागायला ज्याला पुढे करावं, असा हा आपला प्राणी. 1987 साली भारताने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तीही याच्यासारख्या मोठ्या बेडकांचा उपसा फार झाला म्हणून.

हाच बेडूक अंदमानात आक्रमक परका ठरला आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. अंदमान भारतातच आहे, पण बेडकाला नकाशावरची सीमा कळत नाही, त्याला समुद्र कळतो. बेडकाचं कातडं पाणी शोषतं. खारं पाणी लागलं की उलट अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि अंडी तर त्यात टिकतच नाहीत. थोड्या जाती सोडल्या तर सगळ्या बेडकांचं हेच आहे. भर समुद्रातल्या बेटांवर बेडूक का नसतात, हे कोडं डार्विननेही मांडलं होतं. म्हणजे अंदमानच्या आणि आपल्या बेडकांमध्ये समुद्राची भिंत होती. या शतकाच्या सुरुवातीला ती पडली, आणि आज माणसाची वस्ती असलेल्या बहुतेक बेटांवर हा बेडूक पोचला आहे.

भिंत पाडली कुणी? अभ्यासकांनी गावोगाव फिरून लोकांनाच विचारलं. तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिला, कुठल्या तळ्यात, त्याआधी तळ्यात काय सोडलं होतं? काही ठिकाणी लोकांनी तो मुद्दाम आणला होता, आणि काही ठिकाणी तो मत्स्यबीजातून आला होता. इथे बसलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. बीजाच्या प्लास्टिक पिशवीत, प्राणवायू भरलेल्या पाण्यात, रोहू-कटल्याच्या जिऱ्यांमध्ये, म्हणजे अगदी बारीक पिल्लांमध्ये, चार-दोन बेडूकमासे. कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि पिशवी तळ्यात मोकळी झाली.

त्या चार-दोन बेडूकमाशांनी पुढे काय केलं? आपल्याकडे या जातीचे बेडूकमासे दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, ते तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. पण इथल्या जाती पिढ्यानपिढ्या त्यांच्या शेजारी राहिल्या आहेत. अंदमानच्या जातींना हा शेजार नवा होता. टाक्यांमध्ये प्रयोग करून पाहिलं, तेव्हा आपल्या बेडकाच्या पिल्लांसोबत ठेवलेलं तिथल्या बेडकांचं एकही पिल्लू वाचलं नाही. तिथल्या लोकांची तक्रार अशी, की मोठा झालेला बेडूक कोंबडीची पिल्लंही गिळतो.

माणूस त्याला भिंतीपलीकडे नेऊन सोडतो. पण पुढचा रस्ता तो स्वतः चालतो, आणि त्या चालण्यात जे घडतं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. त्यासाठी ऑस्ट्रेलियात जावं लागेल.

1935 साली हवाईहून शंभरेक भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे जाड बेडूक, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये आणले. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्या तिथे फार माजल्या होत्या. आपण जिला हुमणी म्हणतो, तिच्याच जातकुळीतली ती अळी. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला हा मोठा विषारी भेक त्या अळ्यांचे भुंगेरे खाईल असा हिशेब होता. त्याच वर्षी त्यांची दोन हजारांवर पिल्लं शेतांमध्ये सोडली. पण भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे बसायचे आणि अळ्या जमिनीखाली. भेकाला दोन्ही मिळेनात. हुमणी जागच्या जागी राहिली आणि भेक चालू लागला.

सुरुवातीची काही दशकं त्यांची आघाडी वर्षाला दहा किलोमीटरच्या आसपास सरकत होती. नंतर वेग वाढत गेला आणि पन्नासच्याही पुढे गेला. परकी जात नव्या मुलखात रुळते, मग मंदावते, असंच आपल्याला वाटेल. इथे उलटं झालं. डार्विन शहराजवळच्या अभ्यासकांनी भेकांच्या कमरेला बारीक रेडिओ बांधले. पावसाळ्यात एकेक भेक एका रात्रीत 1.8 किलोमीटरपर्यंत जात होता. आघाडीवर जे भेक सगळ्यात आधी पोचले, त्यांचे पाय मागून आलेल्यांपेक्षा लांब निघाले.

हे कसं होतं? समजा महाशिवरात्रीला आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेला हजार माणसं पायी निघाली. पहिल्या मुक्कामी आधी कोण पोचेल? ज्याचे पाय चालतात तो. आता कल्पना करा, की लग्नं त्या मुक्कामावरच जुळतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लेकरं पुढे निघतात. पुन्हा सगळ्यात पुढे चालणारे एकमेकांनाच भेटणार. दहा पिढ्यांनी आघाडीवर कोण असेल, सांगा. भेकांचं असंच झालं. त्यांची निवड कुणी करत नाही, अंतरच ती करतं. पुढे असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे भेकाच्या फुप्फुसातला जंत आघाडीपासून मागे राहतो, कारण पुढे भेक विरळ असतात आणि लागण होत नाही. या धावण्याची किंमतही आहे. आघाडीच्या काही मोठ्या भेकांचे मणके संधिवाताने जखडलेले आढळले. तरीही ते चालत राहतात. त्यांचा प्रवास मोकळ्या रस्त्यांवरून आणि चाकोऱ्यांवरून जास्त होतो, कारण दाट गवतापेक्षा रस्त्यावर पाय पटापट उचलतो.

या वाटेवर घोरपडी मेल्या. आपली घोरपड भेक खाते आणि पचवते, कारण आशियातल्या घोरपडींच्या शरीरात त्या विषाला तोंड देण्याची सोय आहे. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींमध्ये ती नाही. भेक तिथे पोचलाच नव्हता, तर उतारा तयार होणार कसा? एक भेक तोंडात धरला की संपलं. काही प्रदेशांत घोरपडी नावापुरत्या उरल्या.

आता पाण्याचं बोलतो, कारण ते तुमचं-माझं आहे. ऑस्ट्रेलियाचा आतला मुलूख कोरडा आहे. भेकाला तिथला उन्हाळा काढता येऊ नये. पण गुरांसाठी खोदलेल्या तळ्यांनी त्याला जागोजाग मुक्काम दिला. काही तळ्यांभोवती अभ्यासकांनी कापडाचं कुंपण घातलं. पाण्यापर्यंत पोचता न आल्याने भेक वाळून मेले आणि त्या भागात त्यांची संख्या घटली. कोरड्या मुलखात माणसाने साठवलेलं पाणी हाच त्यांचा पूल होता.

आपल्याकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत, बोड्या, म्हणजे लहान तळी आहेत, आणि पश्चिमेकडे वऱ्हाडात शेततळी झाली आहेत. ती व्हायलाच हवी होती, माझं त्याबद्दल काडीचंही वेगळं मत नाही. मात्र पाणी जोडलं जातं तेव्हा त्यातल्या जीवांच्या वाटाही जोडल्या जातात. आपल्या तलावांमध्ये परका बेडूक घुसला आहे असं सांगायला मी आलेलो नाही. पण बेशरमीची झुडपं तुम्ही रोज पाहता. ती मूळची अमेरिकेची. आज तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कापली तरी तिचं तुकड्या-तुकड्याने रान होतं. एका गावात रोहूच्या बीजाबरोबर तिलापी आली, तेव्हा मी तिथेच होतो. कुणी ती मागवली नव्हती. तीन वर्षांनी जाळ्यात तीच जास्त यायला लागली, आणि संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

आणखी एक सांगतो. तुमच्या अंगणात संध्याकाळी दिव्याखाली किडे टिपत बसणारा चामखिळीचा भेक आहे ना, त्याचेच आशियातले भाऊबंद मादागास्करच्या बंदरात पोचले आहेत. बहुधा मालाच्या पेट्यांतून. तिथल्या सापांना ते विष नवं आहे. म्हणून अंगणातल्या भेकाला कुणी काठी मारू नका, तो इथलाच आहे. तो कुठे पोचतो हे त्याच्या हातात नाही.

मुलं विचारतील, बीजात बेडूकमासा ओळखायचा कसा? माशाचं पिल्लू सडपातळ असतं आणि अंगाला पर फुटलेले दिसतात. बेडूकमाशाचं डोकं आणि पोट मिळून एक गोल गोळा, मागे नुसती शेपटी, बाजूला पर नाहीत. तळ्यातल्या गढूळ पाण्यात हा फरक दिसत नाही, पांढऱ्या भांड्यात लगेच दिसतो. पिशवी तळ्यात सोडण्याआधी थोडं बीज भांड्यात घ्या. संशय आला तर पिशवी बाजूला ठेवा, सोडू नका. पिशवीतलं उरलेलं पाणीही तळ्यात ओतू नका, शेतात लांब टाका.

संस्थेचं बीज उद्या सकाळी येतं आहे असं सचिवांनी सांगितलं. मी आज इथेच मुक्कामी आहे. पांढरं घमेलं आणि बारीक जाळीची चाळणी सोबत आणली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेसहाला पाळीवर यावं.