हैदराबादची गझाला, व्हर्जिनियाची लेफ्टनंट गव्हर्नर

(दृश्य: जॉर्जियातला सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस आणि भुईमुगाची शेतं)

१९६९ साल. हैदराबादच्या मलकपेठ भागात आजोळच्या घरी वाढलेली चार वर्षांची एक मुलगी आई आणि मोठ्या भावाबरोबर विमानात बसते आणि येऊन पोचते ती थेट अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या स्टेट्सबरो नावाच्या छोट्या गावात. वडील आधीच तिकडे होते. झिया हाश्मी त्यांचं नाव, अलीगढला शिकलेले, पुढे अमेरिकेत इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये पीएचडी केली आणि तिथेच प्राध्यापकी धरली. आई उस्मानिया विद्यापीठातून बीए, बीएड झालेली. म्हणजे घरात आईवडील दोघंही शिक्षणातले.

१९६५ च्या आधी हे कुटुंब असं तिकडे जाऊच शकलं नसतं. तोपर्यंत भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता, पूर्ण देशाला मिळून १००! १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला आणि मग आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक जायला लागले, त्या पहिल्या लाटेतलं हे एक घर. पण ते न्यूयॉर्क किंवा शिकागोला गेले नाहीत, गेले स्टेट्सबरोला, जिथे भारतीय माणसं बोटावर मोजण्याइतकी. आणि वेळ पण कुठली तर जॉर्जियातल्या शाळांमध्ये गोरी आणि काळी मुलं एका वर्गात बसायला नुकती कुठे सुरुवात होत होती. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा, पण दक्षिणेत तो वर्गापर्यंत पोचायला १९७० उजाडलं. गझाला शाळेत गेली ती याच वर्षांमध्ये. पुढे राजकारणात आल्यावर त्या या काळाबद्दल बऱ्याचदा बोलल्या आहेत आणि मला वाटतं त्यांना समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण सरकारने घेतलेला निर्णय वर्गातल्या बाकापर्यंत येतो तेव्हा काय होतं हे त्यांनी लहानपणीच पाहिलं.

शाळेत त्या पहिल्या आल्या, स्कॉलरशिप मिळाल्या. वडील शिकवत होते त्याच जॉर्जिया सदर्नमधून इंग्लिशमध्ये बीए केलं आणि अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीतून अमेरिकन साहित्यात पीएचडी.

(दृश्य: रिचमंड, जेम्स नदी, कॉलेजचं पार्किंग, संध्याकाळ)

१९९१ मध्ये लग्नानंतर नवऱ्यासोबत त्या व्हर्जिनियाच्या राजधानीत आल्या, रिचमंडला. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणी राज्यांची राजधानी होती ना, तेच हे शहर. आधी युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडमध्ये शिकवलं आणि मग रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात. एकूण जवळजवळ तीस वर्षं शिकवण्यात गेली आणि त्यातली बहुतेक या रेनॉल्ड्समध्येच.

कम्युनिटी कॉलेज हा प्रकार आपल्याकडे नीट माहीत नसतो. दोन वर्षांचं कॉलेज, फी मोठ्या युनिव्हर्सिटीपेक्षा खूपच कमी, आणि प्रवेशासाठी आपल्याकडच्यासारखी कटऑफची मारामारी नाही. त्यामुळे इथे सगळ्या प्रकारची माणसं येतात. दिवसभर गोदामात किंवा हॉस्पिटलात ड्युटी करून संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसलेला चाळिशीतला माणूस, मुलाला शेजारी सोडून आलेली आई, नुकतंच देशात आलेलं, इंग्लिशमध्ये निबंध लिहिताना अडखळणारं पोरगं, आणि बारावी करून पैसे वाचवायला इथे आलेला मुलगा, सगळे एकाच वर्गात. अशा वर्गात लेक्चर देऊन भागत नाही, कोण का मागे पडतंय ते शोधावं लागतं, गाडी बंद पडली म्हणून आली नाही की फी भरायला पैसे नाहीत म्हणून आली नाही. शिक्षकांनी हे शिकवणं कसं सुधारायचं यासाठी कॉलेजात एक केंद्र सुरू झालं आणि गझाला हाश्मी त्याच्या पहिल्या डायरेक्टर झाल्या.

या कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते जे. सार्जंट रेनॉल्ड्स कोण माहितीये? व्हर्जिनियाचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्यात गव्हर्नरच्या खालोखालचं पद. पदावर असतानाच १९७१ मध्ये ब्रेन ट्यूमरने गेले, वय फक्त ३४. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं कॉलेज उघडलं.

मग आलं २०१७. २७ जानेवारीला ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांमधल्या लोकांच्या प्रवेशावर बंदी घातली. भारत त्या यादीत नव्हता आणि हाश्मी तर कधीच्या अमेरिकन नागरिक. कागदावर त्यांना काहीच धोका नव्हता. तरीपण, जवळपास पन्नास वर्षं ज्या देशात काढली तिथे आपलं घर खरंच आहे का हा प्रश्न तेव्हा पडला असं त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. घरी बसून काळजी करण्यापेक्षा उभं राहायचं ठरलं.

आणि उभं राहायचं म्हणजे काय, आपल्याकडे विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत, तिकडे असलं काही नाही. पक्षाची उमेदवारीसुद्धा मतदारांकडूनच मिळवायची, त्याला प्रायमरी म्हणतात, म्हणजे आधी आपल्याच पक्षातल्या लोकांशी लढा आणि मग समोरच्याशी. याआधी एकदाही निवडून न आलेली, पन्नाशी ओलांडलेली प्राध्यापिका डेमोक्रॅटिक पक्षाची २०१९ ची प्रायमरी जिंकली. मतदारसंघ होता व्हर्जिनियाच्या सिनेटचा, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाचा, दहावा, रिचमंड शहराचा काही भाग, चेस्टरफील्डची उपनगरं आणि पौहॅटनचा ग्रामीण पट्टा, जागा रिपब्लिकन पक्षाकडे. ५ नोव्हेंबर २०१९ ला त्यांनी ग्लेन स्टर्टव्हंट या विद्यमान सिनेटरना हरवलं. व्हर्जिनियाच्या सिनेटमध्ये पोचलेली ही पहिली मुस्लिम स्त्री आणि भारतीय वंशाची पहिली व्यक्ती.

इथे आकडे बघा. सिनेट ४० जणांचं. त्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी सिनेटच्या दोनच जागा रिपब्लिकनांकडून घेतल्या, त्यातली एक ही. निकाल लागला २१ विरुद्ध १९. दोन दशकांहून जास्त काळाने विधिमंडळाची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद डेमोक्रॅट्सकडे आलं आणि पुढच्या दोन वर्षांत व्हर्जिनियाने स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली, फाशी रद्द केली, दक्षिणेतल्या राज्यांमध्ये पहिल्यांदाच. कम्युनिटी कॉलेजात ठराविक कोर्स करणाऱ्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची फी माफ करायची योजना आली तीही याच काळात. हे सगळं एकट्या हाश्मींनी केलं असं कुणी म्हणू नये, पण ती एक जागा नसती तर २१ चे २० झाले असते.

(दृश्य: १९७० च्या दशकातलं आयोवा, बर्फ, शाळेची पिवळी बस)

आता जरा आपल्या नागपूरकडे वळू, कारण हाच रस्ता एका मराठी बाईने आधी तुडवलाय आणि तिचं नाव आपल्याकडे घेतलं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. स्वाती दांडेकर. नागपूरच्या, १९७३ मध्ये आयोवा राज्यात गेल्या. १९९६ मध्ये मॅरियन गावच्या शाळा मंडळावर निवडून आल्या आणि तिथून २००२ मध्ये आयोवाच्या विधानसभेत. त्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराचा एक ईमेल बाहेर आला, त्यात लिहिलं होतं की ही बाई भारतात जातिव्यवस्थेत वाढली, ती आमच्यासाठी कायदे काय करणार. मॅरियनच्या मतदारांनी दांडेकरांना निवडून दिलं. शाळेच्या बजेटवर, बसच्या मार्गांवर सहा वर्षं लोकांबरोबर बैठका केलेल्या बाईला मतदार ओळखत होते, ईमेल काय सांगणार त्यांना. पुढे त्या आयोवाच्या सिनेटमध्येही गेल्या.

हाश्मींकडे परत येऊ. सिनेटर होऊन त्या काही फुलटाइम पुढारी झाल्या असं नाही, कारण व्हर्जिनियाचं विधिमंडळ अर्धवेळ आहे, एका वर्षी ६० दिवस, दुसऱ्या वर्षी साधारण ४६ दिवस, आणि सिनेटरचा पगार वर्षाला १८,००० डॉलर. तेवढ्यावर तिकडे घर चालत नाही. त्यामुळे पैसेवाले, वकील, निवृत्त लोक यांनाच हे जमतं आणि शिक्षक, नर्स सारखे लोक बाहेर राहतात. हा दोष फार मोठा आहे, याच्यावर बोललं पाहिजे.

२०२३ मध्ये मतदारसंघ बदलले, त्या पुन्हा जिंकल्या आणि सिनेटच्या शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष झाल्या. हे पद त्यांच्यासाठी योग्यच होतं. त्याच वर्षी विधिमंडळाच्याच अभ्यास आयोगाचा रिपोर्ट आला होता की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पैसे मिळतात. २०२४ मध्ये गर्भनिरोधक वापरण्याचा हक्क कायद्यात आणणारं त्यांचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, गव्हर्नर यंगकिन यांनी व्हेटो केला. पुढच्या वर्षी परत आणलं, परत व्हेटो.

आणि मग २०२५. लेफ्टनंट गव्हर्नर पदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा जण, त्यात रिचमंडचे माजी मेयर लेव्हार स्टोनी आणि माजी अमेरिकन फुटबॉलपटू सिनेटर ॲरन राऊस. १७ जूनला हाश्मी एका टक्क्याहूनही कमी फरकाने पुढे राहिल्या. समोर रिपब्लिकन जॉन रीड, रेडिओवरचे होस्ट, आवाजाचा माणूस. डिबेट झालीच नाही, तेव्हा रीड यांनी एआयने बनवलेल्या नकली हाश्मींबरोबर स्टेजवर डिबेट करून दाखवली. नकली बाईच्या तोंडी उत्तरं घालणं हे मला अजिबात पटलं नाही, पण हाश्मींनी समोरासमोर यायला हवं होतं हेही तितकंच खरं. तीस वर्षं वर्गात उभं राहून प्रश्न घेतलेल्या बाईंना ते अवघड नव्हतं आणि मतदारांना बघायला मिळालं पाहिजे होतं.

४ नोव्हेंबर २०२५ ला त्या निवडून आल्या. अमेरिकेत कुठल्याही राज्यात राज्यभरातून निवडून येणारी पहिली मुस्लिम स्त्री. त्यांच्या आधी या पदावर असलेल्या विन्सम अर्ल-सिअर्स रिपब्लिकन, जन्म जमैकाचा, म्हणजे लागोपाठ दोन लेफ्टनंट गव्हर्नर बाहेरच्या देशात जन्मलेल्या आणि दोघी वेगवेगळ्या पक्षांच्या. त्याच दिवशी ॲबिगेल स्पॅनबर्गर व्हर्जिनियाच्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणून निवडून आल्या.

आता काम काय? आपले राज्यपाल नेमलेले असतात, तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला. लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटचं अध्यक्षपद सांभाळते आणि मतं बरोबरीत आली तरच स्वतःचं मत टाकते. म्हणजे शिक्षण समिती हातातून गेली, शाळांच्या पैशाचं विधेयक आता त्या स्वतः मांडू शकत नाहीत, ते काम दुसऱ्या कुणाला उचलावं लागेल. पण व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म मिळत नाही, २०२९ च्या निवडणुकीत ती खुर्ची मोकळी असणारच आहे, आणि लेफ्टनंट गव्हर्नरचं नाव तेव्हा चर्चेत येतंच.