ॲडमिशन मिळाल्यावर मुलं कुठे गळतात

मित्रहो, तुम्ही मंडळी येत्या शाळावर्षात शिकागोच्या साउथ साइड आणि वेस्ट साइडच्या शाळांत मेंटर म्हणून जाणार आहात. मेंटर म्हटलं की खांद्यावर हात ठेवून चार समजुतीच्या गोष्टी सांगणारा माणूस आठवतो. तो लागतोच. पण गरीब कृष्णवर्णीय घरातलं मूल कॉलेजात पोचतं की नाही, हे बऱ्याचदा कागदांवर ठरतं. महाराष्ट्रात जातपडताळणीचा दाखला वेळेत आला नाही म्हणून हातातली जागा गेलेली मुलं आपण पाहतो. इथलं दुखणं त्याच जातीचं आहे. म्हणून आज प्रेरणेबद्दल कमी आणि कारकुनीबद्दल जास्त बोलतो.

सुरुवात नववीत. शिकागोच्या शाळा एक साधा निकष वापरतात. वर्षअखेर पाच पूर्ण क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक, जमा हवेत आणि मुख्य विषयांत एका सत्रापुरता एखादा ‘एफ’ (नापास) चालेल, त्याहून जास्त नको. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना २००५ साली दिसलं की या निकषात बसलेली मुलं न बसलेल्यांपेक्षा सुमारे साडेतीन पट जास्त प्रमाणात चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करतात. तेव्हा पहिलं प्रगतिपत्रक आलं की “किती मार्क पडले” हा आपला घरगुती प्रश्न बाजूला ठेवा. विचारा, एफ कशात आहे आणि दांड्या किती झाल्या. १८० दिवसांत १८ दांड्या म्हणजे धोका समजतात. महिन्याला दोनच होतात त्या, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबलं, बस चुकली, झालं.

आणि हो, तीन महिन्यांत सोडून जायचं असेल तर हे काम घेऊच नका. अर्धवट सुटलेलं नातं मुलाचा स्वतःवरचा विश्वास आणखी कमी करतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. किमान एक वर्ष धरून चाला.

आता बारावी, आणि ‘फाफ्सा’. हा केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा अर्ज, साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. विद्यार्थ्याचं वेगळं खातं, पालकाचं वेगळं खातं. पालकाने कर भरलेला नसला तरी त्याची संमती लागते. ती नसेल तर केंद्राची मदत मिळत नाही. खरी गाठ बसते ती ‘पालक’ या शब्दापाशी. मूल लहानपणापासून आजीकडे वाढलेलं असतं, म्हणून ते सरळ आजीचं नाव टाकतं. आजीने कायद्याने दत्तक घेतलेलं नसेल तर फाफ्साच्या लेखी ती पालक नाही. कोर्टाने तिला कायदेशीर गार्डियन नेमलं असेल तर विद्यार्थी ‘स्वतंत्र’ धरला जातो आणि पालकांची माहिती लागतच नाही. दोन्ही नसेल, आणि आईवडिलांशी संबंध तुटलेला असेल, तर अर्जात ‘असाधारण परिस्थिती’ नोंदवायची. मग कॉलेजचं आर्थिक मदत कार्यालय निर्णय घेतं आणि पुरावे मागतं: समाजसेवकाचं, शाळेच्या समुपदेशकाचं किंवा चर्चच्या पाद्रींचं पत्र. ही पत्रं ऑक्टोबरातच मागून ठेवा. एप्रिलमध्ये धावपळ केली तर शाळेचा समुपदेशक शेकडो मुलांत बुडालेला असतो. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, ही त्यांच्या संघटनेची शिफारस. बहुतेक ठिकाणी आकडा त्याच्या वर असतो.

वसंतात मदतीचं पत्र येतं. ते वाचताना पेन्सिल हातात हवी. समजा वर्षाचा एकूण खर्च ३२,००० डॉलर. पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची न फेडायची मदत, ७,३९५; ही २०२५-२६ साठीची कमाल रक्कम. कॉलेजची शिष्यवृत्ती १२,०००. राहिले १२,६०५. पत्रात मात्र पुढच्याच ओळीत विद्यार्थ्याचं ५,५०० चं कर्ज आणि पालकांच्या नावावरचं ७,१०५ चं कर्ज असतं, आणि खाली ‘बाकी शून्य’. घरच्यांना वाटतं शिक्षण फुकट झालं. फेडायचे पैसे आणि न फेडायचे पैसे अशा दोन बेरजा वेगळ्या करा. वर्क-स्टडीची रक्कम तर कुठल्याच बेरजेत धरू नका. ती काम केल्यावर पगारातून येते, फी भरायच्या दिवशी हातात नसते.

मे ते ऑगस्ट या काळात जी गळती होते तिला इथे ‘समर मेल्ट’ म्हणतात. प्रवेश पक्का, अनामत भरलेली, आणि तरी मूल पहिल्या दिवशी येत नाही. कारणं क्षुल्लक असतात. लसीकरणाचा फॉर्म राहिला. अंतिम गुणपत्रक शाळेने पाठवलं नाही. घरी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असूनही कॉलेजच्या आरोग्य विम्याला नकार कळवला नाही, म्हणून बिलात हजारो डॉलर चढले. आणि सगळ्यांत हमखास चूक म्हणजे अर्ज शाळेच्या ईमेलवरून केलेला, पदवीदानानंतर शाळेने तो बंद केला आणि कॉलेजची सगळी पत्रं त्या बंद पेटीत. अकरावीतच खासगी ईमेल उघडून घ्या. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये मुलांच्या फोनवर प्रश्नोत्तरं करणारा चॅटबॉट सुरू केला, तेव्हा ही गळती सुमारे २१ टक्क्यांनी घटली. वेळच्या वेळी आलेला एक मेसेज इतकं करतो.

नेतृत्वशिबिरांचं काय? भाषण, घोषणा, ग्रुप फोटो यांतून फारसं निष्पन्न होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पॉसी’ ही संस्था १९८९ पासून साधारण दहा-दहा मुलांचे गट एकाच कॉलेजात पाठवते. त्याआधी काही महिने दर आठवड्याला त्यांची तयारी करून घेते. अनोळखी ठिकाणी एकटं पडलेलं मूल आधी गप्प होतं आणि मग परत येतं, हे त्यामागचं गणित. तुमच्या गटात मुलांना खरं काम द्या: बैठक चालवणं, इतिवृत्त लिहिणं, दोनशे डॉलरचा हिशेब देणं. आणि एक सराव जरूर करा. आर्थिक मदत कार्यालयाला फोन लावायचा, बोलायचं मुलाने. तुम्ही शेजारी बसा, तोंड मिटून. पलीकडून “हे आमच्या अखत्यारीत नाही” असं उत्तर आलं की मुलाने तीन गोष्टी विचारायच्या: कुणाच्या अखत्यारीत आहे, तुमचं नाव काय, आणि हेच ईमेलवर लिहून द्याल का?

कॉलेज सुरू झाल्यावरही ऑक्टोबरात एकदा त्याच्याबरोबर त्याचं विद्यार्थी खातं उघडून बघा. वाचनालयाचा दंड किंवा न भरलेली एखादी छोटी फी असेल तर खात्यावर ‘होल्ड’ लागतो, आणि मग पुढच्या सत्राची नोंदणीच होत नाही.