मुशीच्या जबड्यातल्या लाद्या

श्रोतेहो, नमस्कार.

मुशीच्या कालवणात काटा घशात अडकायची भीती नसते, हे मासळी खाणाऱ्या घरात सांगायला नको. मुशी म्हणजे छोटा शार्कच, आणि शार्कच्या अंगात हाड नसतं. सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या नाकाचा शेंडा दाबला की वाकतो, तीच ही कूर्चा. मग टायगर शार्क कासवाचं कवच फोडतो कसा? दात कितीही धारदार असोत, मागचा जबडाच लिबलिबीत असला तर त्यांचा उपयोग काय?

मुशीच्या जबड्यावरचं मांस नीट खरवडून काढा आणि भिंगातून बघा. कूर्चेच्या पृष्ठभागावर बारीक बारीक लाद्या बसवलेल्या दिसतील. कुणी पाच कोनी, कुणी सहा, बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान. त्या कॅल्शियम फॉस्फेटच्या असतात, म्हणजे आपल्या हाडात असतं तेच खनिज. आतली कूर्चा मात्र मऊच राहते.

खरी गंमत सांध्यात आहे. दोन लाद्यांमध्ये कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू असतात. चावताना जबडा किंचित वाकतो. ज्या बाजूवर दाब येतो तिथल्या लाद्या एकमेकींना भिडतात आणि तो भाग ताठ होतो. पलीकडच्या बाजूला ताण पडतो, तो हे तंतू झेलतात.

बरं, एकसंध कवचच का नाही? कारण शार्क वाढतो. आपलं हाड सतत कोरलं जातं, नव्यानं घडवलं जातं. या लाद्यांची तशी मोडतोड होताना दिसत नाही. आतली कूर्चा फुगत जाते, तशी प्रत्येक लादी आपल्या कडांना खनिजाची भर घालत रुंदावते. एकसंध कवचाला हे जमलं नसतं.

मोठ्या शार्कच्या जबड्यात लाद्यांचे एकावर एक थर असतात. शार्कच्याच नात्यातल्या, शिंपले फोडून खाणाऱ्या एका पाकटाची तऱ्हा आणखी न्यारी. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ अ‍ॅडम समर्स यांनी २००० साली दाखवलं, की त्याच्या जबड्याच्या आतही खनिजाचे आडवेतिडवे टेकू असतात.

कूर्चेचा सांगाडा म्हणजे हाडाच्या आधीची, अर्धवट अवस्था, असं पूर्वी सरसकट मानलं जाई. मला ते कधी पटलं नाही. २०२० साली मंगोलियातल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या कवटीत हाड सापडल्याचं जाहीर झालं. हा मासा शार्कच्या घराण्याचा फाटा फुटण्याआधीच्या शाखेतला. म्हणजे शार्कच्या पूर्वजांकडे बहुधा हाड होतं, आणि ते त्यांनी पुढे टाकून दिलं.