नोंदवहीत मूल दिसलं पाहिजे

मार्चअखेर आला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरू लागते. वर्णनात्मक नोंदींची, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने शब्दांत लिहायच्या शेऱ्यांची. ‘शाळेत नियमित येतो’, ‘मोठ्यांचा आदर करतो’, ‘गटात मिळूनमिसळून काम करतो’. हजेरीपटाच्या क्रमाने एकेक ओळ उतरवली की काम फत्ते. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आलेली दिसते.

हे आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर आणि सर्व बाजूंनी बघणं, आलं आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या राज्याचा शासननिर्णय निघाला. त्यात पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकणं चालू असतानाच करायच्या, मूल्यमापनाचा भार ७० टक्के. तो उतरत सातवी-आठवीला ४० होतो. आकारिकच्या साधनांत पहिलंच आहे दैनंदिन निरीक्षण. नेमकं तेच आपण वर्ष संपताना उरकतो.

मी पाहिलेला एक तास सांगतो. पाचवीची मुलं मैदानाची लांबी सुतळीने मोजत होती. बाईंनी सुतळी दिली, एक मीटरपट्टी दिली आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. मुलांनी मीटरमीटरवर गाठी मारल्या. एका गटाची दोन वेळची मापं जुळेनात. दोघं एकमेकांवर ढकलू लागले, ‘तूच चुकीचं मोजलंस’. एक मुलगी मात्र सुतळीकडेच बघत होती. म्हणाली, “आधी ढिली धरली होती, आता ताणली. दर वेळी सारखीच ताणायची.” आणि तिने सगळ्यांना पुन्हा पहिल्या टोकाला नेलं. लेखी चाचणीत ही मुलगी भागाकारात अडकते. पीडीएफवाली नोंद तिच्याबद्दल काय म्हणेल? ‘गणिताची आवड आहे.’ बाईंनी लिहिलं, ‘मापं जुळेनात तेव्हा कारण सुतळीत शोधलं. गटाला पुन्हा मोजायला लावलं.’ शेजारी तारीख. दोनच वाक्यं, पण त्यात मूल दिसतं.

आता गंमत बघा. ‘सुतळी ताणून धरा रे’ असं बाईंनी आधीच सांगितलं असतं, तर टिपायला काही उरलंच नसतं. सहकार्य, चिकाटी, स्वतःची चूक स्वतः हुडकणं या गोष्टी परिपाठातल्या बोधकथेने येतात असा माझा तरी अनुभव नाही. त्यासाठी कामच असं द्यावं लागतं की मूल थोडं अडलं पाहिजे. सुरुवातीला विचारायचं, ‘कोण काय करणार ते आधी ठरवा. अडलात तर माझ्याकडे येण्याआधी काय करून बघाल?’ जूनमध्ये मुलं नुसती तोंडाकडे बघतात. दिवाळीपर्यंत उत्तरं येऊ लागतात. मग आपण विचारणं कमी करत जायचं.

श्रेणीचा मोह मात्र टाळा. ‘चिकाटी : ब-१’ यातून पालकांनी काय समजायचं? विशेषणांचंही तसंच. मुलींच्या प्रगतिपत्रकावर ‘शांत, आज्ञाधारक’ किती सहज पडतं, जुनी पत्रकं काढून बघा. आणि ‘गटात बोलत नाही’ लिहिण्याआधी ते मूल घरी कोणती भाषा बोलतं याची चौकशी करा. घरी पावरी किंवा कोलामी अशी आदिवासी भाषा बोलणारं मूल मधल्या सुट्टीत आपल्या सवंगड्यांशी भरभरून बोलत असतं. नवं समग्र प्रगतिपत्रक मुलाला स्वतःबद्दल आणि सोबत्यांबद्दलही विचारतं. चांगलं आहे, पण तिथेही नुसत्या खुणा करून घेतल्या तर पीडीएफ बरी.

वेळेचं म्हणाल, तर तक्रार खरी आहे. कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक. दोनशिक्षकी शाळेत त्याच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आणि वर माहितीचे तक्ते. म्हणून सगळ्यांचं रोज लिहायला जाऊच नका. दिवसाला चार-पाच मुलं ठरवा, खिशात चिठ्ठी ठेवा, जे दिसलं तेच लिहा. काही दिसलं नाही तर जागा कोरी सोडा. नोंदींची ही वही निकालानंतर कपाटात जाते, ती तेवढी जाऊ देऊ नका. पुढच्या वर्गाच्या शिक्षकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मागून घ्यावी. नाही मिळाली तर भांडून घ्यावी.