निवडून आलेलं तण

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि कांद्याच्या भावाची चर्चा अर्धवट टाकून तणावर ऐकायला आलेल्या माझ्या धाडसी मित्रांनो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'तणनाशकाला दाद न देणारं तण : कारणं आणि उपाय'. तुम्ही उपायांसाठी आलाय हे मला ठाऊक आहे. उपाय सांगतो. पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे, ते ऐकून घ्यावं लागेल. चहा शेवटी ठेवलाय, त्यामुळे तुम्हाला तसाही पर्याय नाही.

आपण तणनाशकाला 'औषध' म्हणतो. "औषध मारलं का रे?" औषध देतात की मारतात? बरं, शब्द चुकला तर चुकला म्हणून मी सोडून दिलं असतं. पण शब्दामागून विचारही घसरतो. औषध लागू पडलं नाही की आपण काय म्हणतो? एक तर डोस कमी पडला, नाही तर औषध भेसळीचं होतं, नाही तर अंगाला त्याची सवय झाली. शेतातही आपण तेच तीन निष्कर्ष काढतो. तिसरा तर सगळ्यांच्या तोंडी : "तण औषधाला सरावलं." अहो, सरावायला ते काय रोज संध्याकाळी थोडं थोडं घेतं का? (हशा.) जे मरणारं होतं ते पहिल्याच फवारणीत मेलं. मेलेलं गवत कशाला सरावणार? उरलं ते आधीपासूनच न मरणारं होतं. आपण त्याला निवडलं. निवडून दिलं म्हणा हवं तर. पुढचा विनोद तुम्ही मनातल्या मनात करा, मला अजून या तालुक्यात राहायचंय.

हे मी पुस्तकात शिकलो होतो, पण कळलं हरियाणात. फेब्रुवारी १९९६. आम्ही काही कृषी पदवीधर कर्नालच्या बाजूला गहू बघायला गेलो होतो. हरितक्रांतीचा गहू कसा डोलतो ते बघायचं होतं. बघतो तर एक म्हातारे ताऊ हिरवा गहू विळ्याने कापून म्हशीपुढे टाकतायत! निसवलेला गहू. माझ्या पोटात कालवलं. विचारलं तर म्हणाले, यात गहू आहेच कुठे? वाकून पाहिलं तर खरंच, गव्हापेक्षा मंडूसी जास्त. मंडूसी म्हणजे फॅलॅरिस मायनर, गव्हातलं तण. पंजाबात तिला गुल्ली डंडा म्हणतात. दाणे भरून काढणीच करायची तर मजुरीही सुटली नसती, त्यापेक्षा म्हैस तरी जेवेल, असा हिशेब. त्या वर्षांत तिकडे असं कापणारे ते एकटे नव्हते.

ताऊंचा राग दुकानदारावर. तीन वर्षांत तीन दुकानं बदलली, तिघांशी भांडले. शेवटच्याने तर हात जोडून स्वतःचंच शेत दाखवलं. त्याच्याकडे माल त्याच डब्यातला आणि मंडूसीही तशीच, कमरेएवढी!

मग त्यांच्या घरच्या ताई आल्या. त्यांनी पाण्याच्या पाटाजवळून दोन कोवळी रोपं उपटून आणली, माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "बता बेटा, गेहूँ कौन-सा?" मी पदवीधर. सुवर्णपदक नव्हतं, पण पहिला वर्ग होता. मी आत्मविश्वासाने डावीकडचं दाखवलं. बाई इतक्या हसल्या की म्हैससुद्धा वळून बघायला लागली. ती मंडूसी होती. मग त्यांनी बुडखा दाखवला : मुळाच्या वर खोडाला लालसर झाक. गव्हाला ती नसते. म्हणजे ओळखायचं तर आधी उपटायचं, आणि उपटल्यावर तो गहू निघाला तर?

आता गंमत बांधापलीकडची. ताऊंच्या भावाचं शेत स्वच्छ. तेच दुकान, तोच डबा. फरक एवढाच की भावाला म्हशी जास्त, म्हणून तो आलटून पालटून एका तुकड्यात बरसीम हा चारा घ्यायचा. बरसीम हिवाळाभर पुन्हा पुन्हा कापतात. त्याबरोबर मंडूसीही बी धरायच्या आधी कापली जाते. ताऊंच्या शेतात मात्र भात-गहू, भात-गहू, वर्षानुवर्षं. भातात पाणी तुंबतं, बरीच तणं त्यात कुजतात, मंडूसीचं बी तग धरून राहतं. आणि गव्हावर एकच रसायन, आयसोप्रोट्युरॉन, दहा-बारा वर्षं. तेसुद्धा पुष्कळ जण फवारायचेच नाहीत, रेतीत नाहीतर युरियात कालवून मुठीने फेकायचे. कुठे जास्त पडायचं, कुठे काहीच नाही. हिसारच्या कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी नव्वदीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की डब्यात खोट नाही, ही मंडूसीच प्रतिकारक आहे. ताऊंपर्यंत ते पोचलं नव्हतं. त्यांच्या लेखी दुकानदार चोर तो चोरच.

हिशेब करून बघा. समजा, दहा लाख रोपांत एकच रोप न मरणारं. त्याची पुढच्या वर्षी फक्त दहा झाली असं धरू. मंडूसीच्या एका ओंबीत शेकडो दाणे असतात आणि गहू कापायच्या आधीच ते गळून पडतात, तरी आपण उदारपणे दहाच धरू. चार वर्षांनी शंभरात एक. तुम्हाला काही दिसत नाही, तुम्ही म्हणता औषध छान आहे. पाच वर्षांनी दहात एक. तुम्ही म्हणता, यंदा पाऊस झाला म्हणून. सहा वर्षांनी सगळं शेत त्याचंच, आणि तुम्ही दुकानदाराच्या दारात.

जाता जाता सांगतो. कुठलंही तण आलं की ते परदेशच्या गव्हातून आलं म्हणायची आपल्याला खोड आहे. मंडूसीबद्दल तिकडे मेक्सिकोच्या गव्हाचं नाव घेतात, आपल्याकडे गाजरगवताबद्दल पीएल-४८० चं, म्हणजे त्या नावाच्या कायद्याखाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाचं. आता, गाजरगवत पुण्यात दिसलं १९५५ च्या सुमारास, आणि त्या गव्हाचा आपल्याशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे गवत कराराच्या आधीच हजर! तरी त्याचं नाव पडलं काँग्रेस गवत. असो. (हशा.) पुढच्या रांगेतले हसले, मागचे गंभीर झाले. नोंद घेतली.

आता माझा खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी आलो. तण निवडणं हे रसायनाच्या आधीपासून चालू आहे. निवडणं म्हणजे काय हे घरातल्या बायकांना विचारा. आजी सुपात गहू घेऊन बसायची. खडे वेगळे, माती वेगळी, काळे दाणे वेगळे. सुपात शेवटी काय उरायचं? गहू, आणि गव्हासारखं दिसणारं जे काही असेल ते. वाविलोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ होते, त्यांनी दाखवलं की राय हे धान्य मुळात गव्हातलं तण. माणसाने इतकी वर्षं पाखडलं, चाळलं, निवडलं की त्याचा दाणा गव्हासारखा झाला आणि शेवटी आपणच त्याला पीक म्हणून पेरायला लागलो. भातखाचरात बर्टीच्या कुळातलं एक गवत आहे, लहानपणी ते हुबेहूब भातासारखं दिसतं. का? कारण निंदणाऱ्या बायांनी शेकडो वर्षं, जे वेगळं दिसलं ते उपटलं. त्यांची नजर चुकवणारं तेवढं बी धरू शकलं. म्हणजे आमची आजी हेही एक तणनाशकच होतं, आणि त्यालाही प्रतिकार आला!

आता यातला कळस ऐका. आयसोप्रोट्युरॉनने गहू का मरत नाही? कारण गहू ते रसायन आपल्या अंगात मोडून टाकतो. आणि प्रतिकारक मंडूसी तपासली तर तीही तेच करते! हाताने निवडलं तर तण बाहेरून पिकासारखं होतं, रसायनाने निवडलं तर आतून. पिकासारखं नाही ते आपण मारतो, मग पिकासारखं उरतं. मी याच्यावर तासभर बोलू…

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' मघाशी वीज गेली ती धरून का सोडून? धरून. बरं. मग उपाय पळत पळत.

पहिला : डबा बदलू नका, गट बदला, म्हणजे तणाला वेगळ्या तऱ्हेने मारणारं रसायन घ्या. दुकानात नाव नवं असतं, आतला घटक तोच असतो. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. पण गट बदलणं हाही कायमचा इलाज नव्हे. हरियाणात १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी तणनाशकं आली, शेतं स्वच्छ झाली, लोकांनी पुन्हा तीच तीच वापरली, आणि पुढे त्यांनाही न जुमानणारी मंडूसी निघाली.

दुसरा : फेरपालट. बांधापलीकडचा भाऊ आठवा.

तिसरा, पेरणी. तिकडे भातानंतर नांगरट न करता, शून्य मशागतीने गहू पेरायला लागले. माती हलली नाही की मंडूसी कमी उगवते. आणि थंडी वाढायच्या आत पेरलं तर गहू पुढे निघून जातो. खर्च वाचला हा वरचा फायदा.

चौथा : बी पडू देऊ नका. ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाच्या तणाने असाच उच्छाद मांडला, तेव्हा रे हॅरिंग्टन नावाच्या शेतकऱ्याने, शास्त्रज्ञाने नव्हे, कापणीयंत्रातून पडणाऱ्या भुशातलं तणाचं बी भरडून टाकणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे फवारणीनंतर चार-दोन रोपं हिरवी उरली तर आपण म्हणतो, "जाऊ दे, चारच आहेत." तीच चार! तीच निवडून आलेली! ती उपटा, बांधावर टाकू नका, जनावरालाही ओंबी यायच्या आत घाला.

पाचवा, पंप. पूर्ण मात्रा, पूर्ण पाणी, चपट्या फवाऱ्याचं नोझल. कापसावर किडीसाठी वापरलेलं गोल नोझल लावून तण मारायला जाऊ नका. आणि सोयाबीनवाल्यांनो, दरवर्षी इमॅझेथापायर, दरवर्षी तेच तणनाशक, याच्यावर मला बोलायचं होतं. तणनाशक सहन करणाऱ्या चोरट्या कापसाच्या बियाण्यावरही बोलायचं होतं. 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' या इमॅझेथापायर सहन करणाऱ्या भाताच्या जाती २०२१ मध्ये आल्या. तिथे भाताचाच भाऊबंद असलेलं रानभात शेजारी उगवतं, परागकण इकडून तिकडे जातात, तर त्याचं काय, यावरही…

दुसरी चिठ्ठी. यावर फक्त 'चहा' लिहिलंय.

बाहेर टेबलावर दोन कुंड्या ठेवल्यात. एकीत गहू आहे, एकीत जंगली जई हे तण. कोणती कुठली ते लिहिलेलं नाही. गव्हाच्या पानाच्या बुडाशी खोडाला मिठी मारणारे दोन बारीक कान असतात, जईला नसतात. बघून सांगा. मात्र उपटू नका, उद्या मला दुसऱ्या गावी याच कुंड्या न्यायच्यात.